घाटावर आणि घाटाखाली : बुलढाण्याच्या डोंगरधारेने पाहिलेल्या लढाया

थ्रेड.

बुलढाणा जिल्ह्यात तालुके तेरा. पण लोकांच्या बोलण्यात जिल्ह्याचे भाग दोनच, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे घाटावर. मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली. ही विभागणी निवडणुकीच्या गप्पांतून आलेली नाही. वऱ्हाडच्या जुन्या फारसी दप्तरांत हीच दोन नावे आहेत : बालाघाट आणि पायनघाट.

या दोहोंमधली भिंत म्हणजे अजिंठ्याची डोंगररांग. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर, तर मलकापूर अडीचशेच्या आसपास. राजूर घाटाच्या वळणावर उभे राहिले की हा फरक आकड्यांवाचून कळतो. पायाखाली लाव्हाच्या थरांनी बनलेल्या काळ्या पायऱ्या, त्यांवर सागवानाचे रान. खाली पूर्णेचे सपाट काळे खोरे. आणि हवा स्वच्छ असेल तर उत्तरेच्या टोकाला सातपुड्याची निळी रेघ.

पाऊसही येथे दोन वाटांनी जातो. बुलढाण्याजवळ उगम पावणारी पैनगंगा आग्नेयेकडे वळून अखेर गोदावरीच्या पाण्यातून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगरातून निघालेल्या नळगंगा आणि विश्वगंगा मात्र उत्तरेस उतरून पूर्णेला, पूर्णेतून तापीला आणि तापीतून अरबी समुद्राला जातात.

जे पाण्याचे, तेच फौजांचे. उत्तरेकडून, म्हणजे बुऱ्हाणपूर आणि खानदेशातून दख्खनच्या पठारावर चढू पाहणाऱ्याला ही धार ओलांडावी लागे. दौलताबाद वा अहमदनगरहून वऱ्हाडच्या सुपीक खोऱ्यात उतरणाऱ्यालाही तीच. तोफा, हत्ती आणि रसदेचे बैल कोणत्याही कड्यावरून उतरत नाहीत. त्यांना घाट लागतो. अशाच एका घाटाच्या पायथ्याशी मोताळा तालुक्यातले रोहिणखेड वसले आहे.

पहिली लढाई १४३७ ची. तिचे मूळ राजवाड्यात होते. बहामनी सुलतान अलाउद्दीन अहमद याचा विवाह खानदेशचा फारुकी सुलतान नासिरखान याच्या मुलीशी झाला होता. पुढे कोकणातील संगमेश्वरच्या राजाची कन्या बहामनी जनानखान्यात आली आणि सुलतानाचे लक्ष तिच्याकडेच राहिले. उपेक्षित राणीने वडिलांकडे गाऱ्हाणे नेले. नासिरखानाने गुजरातच्या सुलतानाची संमती मिळवली आणि तो वऱ्हाडात घुसला. लेकीचा अपमान हे कारण खरे असेल. पण वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचा मोहही त्याला नसेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

वऱ्हाडचे कित्येक सरदार नासिरखानाला जाऊन मिळाले. बहामनी सुभेदार खान-ए-जहान नरनाळ्याच्या किल्ल्यात कोंडला गेला. तेव्हा दौलताबादहून खलफ हसन बसरी याला धाडण्यात आले. नावाप्रमाणे हा मूळचा बसऱ्याचा. ‘मलिक-उत-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा अधिपती, हा त्याचा किताब. दख्खनी सरदारांवर त्याचा विश्वास नव्हता. त्याने आपल्यासारख्याच परदेशी स्वारांची फौज मागून घेतली. मेहकरपर्यंत पठारावरून येऊन तो घाटाकडे वळला आणि रोहिणखेडला त्याने नासिरखानाचा मोड केला. पाठलाग बुऱ्हाणपूरपर्यंत गेला, शहर लुटले गेले. धुळ्याजवळच्या लळिंगच्या आश्रयाला गेलेला नासिरखान तिथेही हरला आणि त्याच वर्षी मरण पावला.

या विजयाची एक बाजू फारशी सांगितली जात नाही. दख्खनींना वगळून मिळवलेल्या यशाने दरबारात परदेशी, म्हणजे ‘आफाकी’, अमिरांचे वजन वाढले आणि दख्खनी-आफाकी वैर अधिक कडवे झाले. पुढे ज्या दुहीने बहामनी राज्य पोखरले, तिच्या वाढीतला एक टप्पा घाटाखालच्या या गावात आहे.

दुसरी लढाई मे १५९१ ची. मधल्या काळात बहामनी राज्य फुटले, वऱ्हाडची इमादशाही उदयास आली आणि १५७४ मध्ये निजामशाहीने ती गिळली. आता अहमदनगरात सत्ता होती जमालखानाची. तो महदवी पंथाचा पुढारी; जौनपूरच्या सय्यद मुहंमदांना महदी मानणारा हा पंथ. जमालखानाने इस्माईल नावाच्या अल्पवयीन मुलाला गादीवर बसवले होते. इस्माईलचा बाप बुऱ्हाण मात्र जिवंत होता आणि अकबराच्या आश्रयाला होता. तो आता स्वतःच्या मुलाविरुद्ध गादी मागत निघाला. खानदेशचा राजा अलीखान त्याच्या बाजूने उभा राहिला, तर दक्षिणेकडून विजापूरची फौज चालून आली.

जमालखान धडाडीचा होता. त्याने आधी दक्षिणेस धाराशिवला विजापूरच्या दिलावरखानाला हरवले आणि विसावा न घेता तो उत्तरेकडे निघाला. इथे भूगोलाने डाव उलटवला. ऐन मे महिना, लांबच्या मजलांनी थकलेली फौज, घाटाची अवघड उतरण आणि पायथ्याला पाण्याची वाण. घाटाखालचा उन्हाळा ज्याने सोसला आहे, त्याला पुढचे सांगावे लागत नाही. तहानलेल्या सैन्याची ताज्या सैन्याशी गाठ पडली. लढाई तरीही चुरशीची झाली. पण जमालखान गोळी लागून पडला आणि फौज विस्कटली. इस्माईल पकडला गेला. मुलाला बाजूला सारून बाप बुऱ्हाण निजामशहा म्हणून गादीवर बसला.

याच रोहिणखेडात १५८२ ची एक देखणी दगडी मशीद आहे. ती बांधणारा खुदावंदखान हाही महदवी, जमालखानाच्याच पंथाचा. म्हणजे लढाईच्या वेळी ती जेमतेम नऊ वर्षांची होती. जमालखान हरला तो परक्या मुलखात नव्हे. आपल्याच पंथबंधूने उभारलेल्या वास्तूच्या परिसरात.

बुऱ्हाणने गादी मिळताच अकबराचे उपकार सोयीस्करपणे विसरायचे ठरवले. ते महागात पडले. १५९५ मध्ये तो वारला, मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला आणि चांदबीबीने शहर वाचवले. पण १५९६ च्या तहात वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले.

एकाच खिंडीकडे इतिहास पुन्हा पुन्हा का वळतो, याचे जगप्रसिद्ध उदाहरण जपानमध्ये आहे. गिफू प्रांतातले सेकिगाहारा हे इबुकी आणि सुझुका डोंगरांमधले चिंचोळे खेडेगाव. ६७२ च्या गादीच्या भांडणात राजपुत्र ओआमाने हीच वाट रोखून धरली. पुढे १६०० मध्ये, रोहिणखेडच्या दुसऱ्या लढाईनंतर अवघ्या नऊ वर्षांनी, तोकुगावा इएयासूने तेथेच इशिदा मित्सुनारीचा पराभव केला आणि १८६८ पर्यंत टिकलेल्या राजवटीचा पाया घातला. तिथे आज प्रत्येक सरदाराच्या छावणीची जागा दगड आणि निशाण लावून दाखवली आहे. २०२० मध्ये मोठे संग्रहालयही उघडले. लोक नकाशा हातात घेऊन टेकड्या चढतात आणि कोण कुठून आला असेल, यावर वाद घालतात.

तशी राजवट घडवणारी लढाई बुलढाण्यातही झाली. मात्र ती घाटात नव्हे, पठारावर. गाव साखरखेर्डा, तालुका सिंदखेड राजा, साल १७२४.

दिल्लीच्या वजिरीला कंटाळून निजाम-उल-मुल्क दख्खनेत परतला, तेव्हा दरबाराने दख्खनची सुभेदारी हैदराबादच्या मुबारिजखानाला देऊ केली आणि त्यालाच निजामाविरुद्ध उभे केले. दोघेही कागदोपत्री एकाच बादशहाचे चाकर. ऑक्टोबरमध्ये साखरखेर्ड्याला तोंड लागले. मुबारिजखान आपल्या दोन मुलांसह मारला गेला. बादशहा मुहंमदशहाने झालेले मान्य केले आणि विजेत्याला ‘आसफजाह’ हा किताब दिला. त्याच्या घराण्याची सत्ता हैदराबादेत १९४८ पर्यंत, म्हणजे २२४ वर्षे राहिली. याच निजामाला पहिल्या बाजीरावांनी १७२८ मध्ये पालखेडला कोंडीत पकडले, हे बहुतेकांना पाठ असते. तो निजाम ‘निजाम’ झाला कुठे, हे मात्र क्वचितच कुणी विचारते.

साखरखेर्ड्याच्या जवळच सिंदखेड राजा आहे. तिथे जिजाऊंच्या जन्मस्थळी माथा टेकून पर्यटक बहुधा परततात. थोडे थांबून लखुजीराव जाधवांची भव्य समाधी, पाण्याची जुनी कळा सांगणारा मोती तलाव आणि कोरीव मूर्तींनी भरलेली पुतळा बारव पाहिली, की हे गाव पठाराच्या राजकारणात किती वजनदार होते, ते उमगते. लखुजीरावांचा २५ जुलै १६२९ रोजी निजामशाही दरबारात, दौलताबादेला, मुले आणि नातवासह घात झाला. १७५७ मध्ये जाधवांच्याच वंशातले रामचंद्र जाधव निजामाच्या बाजूने सिंदखेडात अडकले होते आणि त्यांना वेढणारे होते पेशव्यांचे सैन्य. जिजाऊंच्या माहेरी मराठ्यांचा वेढा! इतिहास आपल्या सोयीच्या रांगांत बसत नाही, तो असा.

डोंगराचा उपयोग आजही संपलेला नाही. बुलढाणा आणि खामगावच्या मध्ये ज्ञानगंगा अभयारण्य आहे. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ तेराशे किलोमीटरांहून अधिक भटकून याच रानात पोहोचला.

पाहायला जायचे असेल तर पावसाळा सरता सरता जावे. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मोताळ्याकडे, तेथून रोहिणखेडला. मशीद पाहून मागे वळावे आणि डोंगराकडे तोंड करून उभे राहावे. जमालखानाची फौज त्या धारेवरून उतरली होती. दुसऱ्या दिवशी चिखली, मेहकर करत साखरखेर्डा. तिथेही खुदावंदखानाचीच १५८१ ची मशीद आहे. विजयानंतर निजामाने या गावाचे नाव ‘फत्तेखेर्डा’ ठेवले होते आणि इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरमध्येही ते ‘फत्तेखेलडा’ असेच छापलेले आहे. एसटीच्या पाटीवर मात्र साखरखेर्डा.