स्नायुवर्धक व्यायाम आणि पाण्याचे सेवन

स्नायुवर्धक व्यायाम करणाऱ्या व्यक्तीने दररोज किती पाणी प्यावे, याचे सर्वांना लागू पडणारे एकच प्रमाण नाही. शरीराचे वजन, हवामान, घाम आणि व्यायामाचा कालावधी यांनुसार ही गरज बदलते. स्नायूंमध्ये सुमारे ७५ टक्के पाणी असते. तथापि केवळ जास्त पाणी प्यायल्याने स्नायू वाढत नाहीत.

प्रमाण

अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने प्रौढ पुरुषांसाठी दररोज एकूण ३.७ लिटर आणि स्त्रियांसाठी २.७ लिटर पाणी पुरेसे मानले आहे. यात इतर पेयांतील व अन्नातील पाणीही धरलेले असून अन्नाचा वाटा सुमारे २० टक्के असतो. कठोर व्यायाम व उष्ण हवामानात ही गरज वाढते.

घामाची भरपाई

व्यायामापूर्वी व व्यायामानंतर वजन केल्यास घामावाटे झालेली घट कळते. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या २००७ मधील शिफारशींनुसार ही घट शरीराच्या वजनाच्या २ टक्क्यांहून अधिक होऊ देऊ नये. ७० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ही मर्यादा १.४ किलो होते. लवकर भरपाई करायची असल्यास घटलेल्या प्रत्येक किलोमागे सुमारे १.५ लिटर द्रव घ्यावा.

धोके

वजनगटात बसण्यासाठी पाणी वर्ज्य करून घाम काढणे प्राणघातक ठरू शकते. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत अशा प्रकारे वजन घटवताना तीन महाविद्यालयीन कुस्तीगीरांचा मृत्यू झाला. याउलट, थोड्या वेळात अतिरिक्त पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम घटून डोकेदुखी, उलट्या, गोंधळलेपणा व झटके येऊ शकतात. मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार असलेल्यांनी पाण्याचे प्रमाण वैद्यकीय सल्ल्याने ठरवणे आवश्यक असते.