तेआहुपो : एका लाटेचा इतिहास आणि प्रवाळावरील हक्क

दक्षिण प्रशांत महासागरातील ताहिती बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर तेआहुपो हे गाव वसले आहे. किनाऱ्यालगतचा रस्ता तेथेच संपतो. गावासमोरील प्रवाळभिंतीवर फुटणारी लाट जगातील अत्यंत धोकादायक लाटांमध्ये गणली जाते. या लाटेची कीर्ती आणि त्या प्रवाळावरील हक्क यांचा परस्परसंबंध तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सर्फिंग अर्थात लाटस्वारी ताहितीला नवी नाही. कॅप्टन कुकच्या सफरीतील निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स याने १७६९ मध्येच जुन्या होडीच्या तुकड्यावरून लाटांवर स्वार होणाऱ्या बेटवासीयांचे वर्णन लिहून ठेवले. पुढे मिशनऱ्यांच्या प्रभावकाळात हा खेळ मागे पडला.

तेआहुपोची लाट मात्र आधुनिक काळातच प्रसिद्धीस आली. भिंतीबाहेर समुद्रतळ एकदम खोल जातो. त्यामुळे दक्षिणेकडून येणारे उधाण वेग न गमावता उथळ प्रवाळावर आदळते आणि जाड, पोकळ नळीसारखी लाट उभी राहते. तोल गेलेला स्वार थेट धारदार प्रवाळावर आपटण्याचा धोका असतो. १९८० च्या दशकात मोजक्या धाडसी मंडळींनी ती आजमावली. १९९९ पासून तेथे जागतिक मालिकेतील स्पर्धा भरू लागल्या. १७ ऑगस्ट २००० रोजी लेअर्ड हॅमिल्टन याने पेललेल्या प्रचंड लाटेने हे नाव जगभर पोहोचवले.

पॅरिस ऑलिंपिकसाठी या स्थळाची निवड झाल्यावर प्रवाळावरील हक्काचा प्रश्न उघड झाला. पंचांसाठी लाकडी मनोऱ्याऐवजी १४ टनांचा ॲल्युमिनियमचा मनोरा योजण्यात आला. प्रवाळ तुटल्यास मासे विषारी होतील, या भीतीने ऑक्टोबर २०२३ मध्ये ग्रामस्थ व सर्फर यांनी मोर्चा काढला. त्यानंतर आराखडा ९ टनांवर आणला गेला. तरीही डिसेंबरमधील चाचणीत एका तराफ्याने प्रवाळ मोडलेच. मनोरा अखेर उभा राहिला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ताहितीच्याच कौली वास्त याने फ्रान्ससाठी सुवर्णपदक जिंकले.

या पदकाने ताहितीचा गौरव झाला, हे खरे. परंतु मूळ प्रश्न त्यामुळे मिटत नाही. बाहेरून येणाऱ्यास प्रवाळभिंत ही कसोटी वाटते. ग्रामस्थांना ती अन्न पुरवते आणि समुद्रापासून संरक्षणही देते. लाट घडवणारी आणि गाव जगवणारी भिंत एकच आहे. म्हणूनच तिच्याविषयीच्या निर्णयात ग्रामस्थांचा शब्द आरंभीच विचारात घेतला जाणे आवश्यक आहे, असा निष्कर्ष या इतिहासातून निघतो.