अनुरेखक गेला, आरेखक राहिला

बीड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावांत संगणक क्लासच्या पाट्यांवर एमएस-सीआयटी आणि टॅलीच्या जोडीला आता ऑटोकॅडही दिसतं. दोन-तीन महिन्यांत शिकवतात. शासकीय आयटीआयत ड्राफ्ट्समन सिव्हिल हा ट्रेड मात्र दहावीनंतर दोन वर्षांचा आहे. त्यामुळे जे दोन-तीन महिन्यांत येतं त्यासाठी दोन वर्षं कशाला घालवायची, हा पालकांचा प्रश्न गैर नाही. पण नकाशा काढायचं हत्यार वापरता येणं आणि नकाशा काढता येणं या एकच गोष्टी आहेत, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. आरेखनाच्या व्यवसायाचा इतिहास या समजुतीला दुजोरा देत नाही, आणि त्यासाठी जिल्ह्याबाहेरचे दाखले शोधण्याचीही गरज नाही.

बीड शहराजवळची खजाना बावडी हिजरी ९९१ मधली, म्हणजे १५८३ च्या सुमाराची. मुर्तझा निजामशहाच्या काळात सलाबतखानाने ती बांधवली आणि राजा भास्कर हा तिचा स्थपती, असं सांगितलं जातं. बावडीतलं पाणी भुयारी कालव्याने, केवळ जमिनीच्या उतारावर बलगुजारच्या शिवारापर्यंत जातं. बावडीचा तळ, भुयाराचं तोंड आणि शेताचा बांध यांच्या पातळ्या एकमेकींशी जुळल्याशिवाय हे शक्य नाही. यावर कुणी म्हणेल, राजा भास्कराकडे कुठे आरेखक होता? हे सगळं कारागिराच्या डोक्यात आणि दोरीत होतं. हरकत रास्त आहे, आणि मुद्दा पुढे सरकतो तो तिच्यामुळेच. मोजणारा आणि बांधणारा एकच असेल, किंवा दोघे एकाच जागी उभे असतील, तर कागदाशिवाय भागतं. काम शंभर किलोमीटर पसरलं, पंधरा ठेकेदारांत वाटलं गेलं आणि मोजणारा बांधणाऱ्याला भेटेनासा झाला, की मधे कागद येतो आणि त्या कागदाची जबाबदारी घेणारा माणूसही येतो.

जायकवाडी हे याचं ठळक उदाहरण. हे गाव बीड जिल्ह्यातलं. गोदावरीवरचं धरण आधी त्याच परिसरात व्हायचं होतं. महाराष्ट्र राज्य झाल्यावर पुन्हा पाहणी झाली आणि जागा सुमारे शंभर किलोमीटर वरच्या अंगाला, पैठणला गेली. जुन्या प्रस्तावाचं नाव तेवढं कायम राहिलं. लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते ऑक्टोबर १९६५ मध्ये पायाभरणी झाली. धरण वर घेतलं की कालवाही वरच्या पातळीवरून निघतो, हे साधं गणित. पण ते मांडायचं तर समतल रेषांचे नकाशे हवेत. पैठणचा उजवा कालवा १३२ किलोमीटर धावून सिंदफणेवरच्या माजलगावच्या जलाशयाला मिळतो. अशा कालव्याला किलोमीटरमागे मिळणारा उतार सेंटीमीटरांत मोजावा लागतो. पथक डंपी लेव्हल आणि स्टाफ घेऊन पातळ्या घेई, त्या लेव्हल बुकात उतरत, कार्यालयात त्यावरून लाँग सेक्शन आणि क्रॉस सेक्शन तयार होत. कुठे खोदाई, कुठे भराव, नाला कालव्याखालून काढायचा की वरून, हे त्या कागदावर ठरे. तो कागद आरेखक बनवी. त्यावर ट्रेसिंग ठेवून शाईने रेघ न् रेघ गिरवण्याचं काम अनुरेखकाचं. मग त्या ट्रेसिंगच्या अमोनिया प्रिंट निघत. अनुरेखकाचं कसब कमी दर्जाचं मुळीच नव्हतं. चार तासांच्या कामावर शाईचा एक थेंब पडला की ब्लेडने खरवडत बसावं लागे. पण पातळी चुकली तर उत्तर द्यावं लागे आरेखकाला.

संगणक आला तो या दोघांपैकी एकाच्याच जागी. आयव्हन सदरलंडने एमआयटीत १९६३ साली ‘स्केचपॅड’ करून पडद्यावर रेघ काढून दाखवली; ऑटोकॅड बाजारात आलं १९८२ च्या डिसेंबरात. आपल्याकडच्या कार्यालयांत ते रुळायला आणखी बरीच वर्षं गेली. गिरवणं, खोडणं, पुन्हा काढणं, प्रमाण बदलणं हे सगळं यंत्राने घेतलं. जलसंपदा विभागाच्या २०२३ च्या भरतीत अनुरेखक हे पद होतंच, सरकारी पदनामं अशी चिवट असतात. पण त्या पदाचं मूळ काम संपलं आहे. चुकांची जात मात्र बदलली. हाताच्या नकाशात चूक थकव्यातून होई. आता मागच्या कामाची फाइल उघडून तीच पुढे चालवली जाते आणि तिच्यातली जुनी पातळी नव्या जागेवर, अगदी स्वच्छ अक्षरांत, तशीच येऊन बसते. ती ओळखायला सेक्शन वाचता आला पाहिजे. आयटीआयत आधी ड्रॉइंग बोर्ड, वीटकामाचे बाँड, पाया, मोजणी आणि मग संगणक असा क्रम आहे, त्याचं कारण हेच. नुसत्या कमांड शिकवणारा क्लास नवा अनुरेखक घडवतो, आणि तोही अनुरेखकाची गरज उरली नसताना.

आणखी एक आक्षेप असतो, आणि तो जड आहे: बीडमध्ये कारखाने किती? शिकलेली मुलं चाकण-वाळूजलाच जाणार ना? जातील. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन लाखो ऊसतोड मजूर बाहेर पाठवणाऱ्या जिल्ह्याने, मुलगा ड्रॉइंग येतं म्हणून बाहेर गेला तर हळहळण्याचं कारण नाही. पण स्थानिक काम नाही, हेही पूर्ण खरं नाही. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनंतर बांधकाम परवानगीचं काम नगरपालिकांतही ऑनलाइन जाऊ लागलं आणि ठरलेल्या लेयरमध्ये काढलेली कॅड फाइल मागितली जाऊ लागली. सामासिक अंतरं, चटईक्षेत्र, जिन्याची रुंदी हे यंत्र तपासतं. म्हणजे आरेखकही गेलाच म्हणायचा का? यंत्र तपासतं ते फाइलमध्ये दाखवलेलं. प्लॉटच्या मागून जाणारा ओढा फाइलमध्ये दाखवलाच नाही, तर नियमात बसणारा आराखडा मंजूर होईल आणि पावसाळ्यात घरात पाणी येईल. तो ओढा फाइलमध्ये आणायला कुणीतरी टेप आणि लेव्हल घेऊन प्लॉटवर गेलेलं असावं लागतं.