टेक्स्ट एडिटरची विस्तारभाषा

कसारा येथे थळ घाटाच्या ३७ फुटांस १ फूट अशा चढासाठी अनेक गाड्यांस मागून बँकर इंजिने जोडतात व इगतपुरीस ती सोडवून घेतात. संगणकावरील टेक्स्ट एडिटरचे आरंभीचे मॅक्रो असेच बाहेरून लावलेले साहाय्य होते. डॅन मर्फी यांनी १९६२-६३ मध्ये एमआयटीत रचलेल्या ‘टेको’त आज्ञांची अक्षरे ओळीने लिहून ती पुन्हा चालविता येत. १९७६ मध्ये रिचर्ड स्टॉलमन व गाय स्टील यांनी अशा मॅक्रोंचे संकलन केले. तोच ‘ईमॅक्स’ होय. तथापि ही आज्ञावली अतिशय दुर्बोध असे.

खरा पालट १९७८ मध्ये झाला. बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स प्रणालीसाठी ईमॅक्स लिस्प भाषेत लिहिला व विस्ताराची भाषाही तीच ठेवली. स्टॉलमन यांनी सांगितलेली हकीकत येथे उद्बोधक आहे. ग्रीनबर्ग यांच्या कचेरीतील लेखनिक एक पुस्तिका पाहून स्वतःच नव्या आज्ञा रचू लागले. हे प्रोग्रॅमिंग आहे असे तिच्यात म्हटलेलेच नव्हते, म्हणून कोणी बिचकले नाही!

मराठी लिहिणाऱ्यास याचे मोल अधिक. देवनागरी टंकयंत्राच्या कळा कारखान्यातच कायम होत. टंकलेखकाचे तेथे काही चालत नसे. १९८५ मध्ये प्रसृत झालेल्या ग्नू ईमॅक्समध्ये देवनागरी लेखनाचे नियम, इनस्क्रिप्ट कळरचनेसह, पुढे लिस्पमध्येच लिहिले गेले. त्या भाषाविषयक फाइलीत हिंदीबरोबर मराठीचाही नामनिर्देश आहे. ‘ज्ञ’ची कळ गैरसोयीची वाटल्यास लिहिणारा नियमांचा तक्ता उघडून ती स्वतः बदलू शकतो.