घर कुणाच्या नावावर, राहण्याचा हक्क कुणाचा?

रात्री अकरा वाजता मुलाला कडेवर घेऊन एखादी स्त्री घराबाहेर पडते, किंवा बाहेर काढली जाते, तेव्हा तिच्यापुढचा पहिला प्रश्न न्यायाचा नसतो, निवाऱ्याचा असतो. माहेर दूर असते, आणि जवळ असले तरी तिथे भावाचा संसार असतो. मैत्रिणीच्या वन रूम किचनमध्ये दोन रात्री काढता येतात, दोन महिने नाही. डिपॉझिट भरून भाड्याचे घर घ्यावे एवढे पैसे तिच्या स्वतःच्या हाती क्वचितच असतात. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती त्याच घरी परतते आणि 'एवढा त्रास होता तर परत का गेली?' असे विचारायला सगळे मोकळे होतात. या प्रश्नाचे उत्तर अनेकदा शहरातल्या घरभाड्याच्या आकड्यात दडलेले असते.

हा प्रश्न मूठभर घरांपुरता नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, १८ ते ४९ वयोगटातील विवाहित वा पूर्वविवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसली आहे.

आश्रयाकडून हक्काकडे

निराधार स्त्रीला छप्पर देण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले, तर धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. या संस्थांनी असंख्य स्त्रियांचे आयुष्य सावरले. मात्र या साऱ्या उपायांमागचे गृहीत एकच होते: घर सुटलेल्या बाईसाठी दुसरीकडे सोय करायची. ज्याच्यामुळे घर सुटले, तो आपल्या जागी कायम राहत असे.

हे गृहीत उलटवले ते 'कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५' या कायद्याने. २६ ऑक्टोबर २००६ पासून तो अमलात आहे. त्याच्या कलम १७ नुसार, कौटुंबिक नात्यात असलेल्या प्रत्येक स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे. मग त्या घरावर तिची मालकी असो वा नसो. कायदेशीर मार्ग अवलंबल्याखेरीज तिला तेथून काढता येत नाही. कायद्याने तिला मालकी दिलेली नाही, राहण्याचा हक्क दिला आहे, हा भेद प्रारंभीच लक्षात घेतलेला बरा. हा हक्क केवळ पत्नीपुरता नाही. आई, बहीण, मुलगी, विधवा सून, तसेच विवाहसदृश नात्यात एकत्र राहणारी स्त्री यांनाही तो लागू होतो. मुलाच्या मारहाणीला कंटाळलेली आईसुद्धा या कायद्याखाली दाद मागू शकते, ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते.

कलम १९ खाली न्यायदंडाधिकारी 'निवास आदेश' देऊ शकतात. स्त्रीला घरातून काढण्यास मनाई, हिंसा करणाऱ्याने घराबाहेर जाण्याचा आदेश, घराच्या ठरावीक भागात त्याला वा त्याच्या नातेवाइकांना प्रवेशबंदी, घर विकण्यास वा गहाण टाकण्यास प्रतिबंध, आणि हे शक्य नसेल तर तिला त्याच दर्जाची पर्यायी जागा किंवा तिचे भाडे, असे त्याचे स्वरूप आहे. घराबाहेर जाण्याचा आदेश मात्र कोणत्याही स्त्रीविरुद्ध देता येत नाही. म्हणजे सासू छळ करीत असली, तरी तिला घर सोडायला लावता येणार नाही; तिच्या वागण्यावर बंधने घालता येतील.

चौदा वर्षांची भिंत

कागदावर एवढा व्यापक असलेला हा हक्क अंमलबजावणीच्या दुसऱ्याच महिन्यात आक्रसला. डिसेंबर २००६ मध्ये बात्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीतील एका सुनेचे प्रकरण होते. ती काही काळ माहेरी गेली होती. परतली तेव्हा सासरच्या दाराला कुलूप होते. घर सासूच्या नावावर होते. पतीच्या मालकीचे, पतीने भाड्याने घेतलेले अथवा तो सदस्य असलेल्या एकत्र कुटुंबाचे, तेवढेच घर 'सामायिक' मानता येईल, असे न्यायालयाने ठरवले.

या निकालाचा परिणाम दूरवर झाला. आपल्याकडे बहुतेक लग्ने होऊन मुली जातात त्या सासू-सासऱ्यांच्या घरात. डोंबिवलीचा फ्लॅट सासऱ्यांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेला असतो, गिरगावातली पागडीची खोली आजेसासऱ्यांच्या नावावर असते. अशा घरात वीस वर्षे स्वयंपाक केलेल्या बाईला 'हे घर तुझ्या नवऱ्याचे नाही' एवढे एक वाक्य निरुत्तर करीत असे. पतीच्या नावावरचे घर वेळीच वडिलांच्या नावावर करण्याची पळवाटही त्यातूनच रुळली.

ही भिंत पडली ती १५ ऑक्टोबर २०२० रोजी, आहुजा खटल्यात. न्या. अशोक भूषण यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने बात्रा निकालातील अर्थ चुकीचा ठरवला. घर सासरच्या कोणत्याही नातेवाइकाच्या मालकीचे असले, तरी कौटुंबिक नात्याच्या ओघात ती स्त्री तेथे स्थायी स्वरूपात राहिली असेल, तर ते सामायिक घर ठरू शकते, असे पीठाने स्पष्ट केले. चार दिवस पाहुणी म्हणून राहिलेले प्रत्येक घर मात्र यात येत नाही. २०२२ मध्ये प्रभा त्यागी खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. अर्ज करतेवेळी स्त्री त्या घरात प्रत्यक्ष राहत असलीच पाहिजे असे नाही, असा निर्वाळा एका विधवेच्या प्रकरणात देण्यात आला. त्यामुळे 'ती स्वतःच निघून गेली' हा बचाव आता पूर्वीसारखा चालत नाही.

सासू-सासऱ्यांचा प्रश्न खोटा नाही. म्हातारपणी रोजच्या भांडणापासून मुक्त राहण्याचा त्यांनाही हक्क आहे, आणि सुनेचा निवासाचा हक्क अबाधित नसून दोन्ही बाजूंचा तोल साधावा, असे आहुजा निकालातच म्हटले आहे. परंतु ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा सुनेला बाहेर काढण्याचे हत्यार म्हणूनही वापरला गेला. बेंगळुरूच्या एका प्रकरणात पतीने घर स्वतः खरेदी करून पुढे वडिलांना विकले, वडिलांनी ते पत्नीला बक्षीस दिले, आणि मग वृद्ध दाम्पत्याने सुनेला काढण्यासाठी अर्ज केला. डिसेंबर २०२० मध्ये न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने हा मार्ग रोखला. ज्येष्ठांच्या कायद्यातील झटपट कार्यवाहीने स्त्रीचा निवासाचा हक्क निष्प्रभ करता येणार नाही, असे त्यांनी बजावले.

घर भाड्याचे असेल, तर पती भाडे थकवून घरमालकाकरवी पत्नीला बाहेर काढतो, असे प्रकार घडतात. पतीने सोडून दिलेली व त्या घरात राहणारी पत्नी बेदखलीच्या दाव्यात स्वतः बचाव करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच मान्य केले आहे. भाडे व भाडेकराराच्या अटी मात्र तिला पाळाव्या लागतात. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार संपत आला असेल, तर त्या घरासाठी झगडण्यापेक्षा पर्यायी जागेचे भाडे मागणे शहाणपणाचे.

आजची रात्र कुठे?

आदेश मिळेपर्यंतच्या दिवसांचे काय, हा यातला सर्वात कच्चा दुवा. २०१५ पासून सुरू झालेल्या 'सखी' वन स्टॉप केंद्रांत साधारण पाच दिवस तात्पुरते राहता येते. दीर्घ मुक्कामासाठी पूर्वीची स्वाधारगृहे होती. २०२२ च्या मिशन शक्तीच्या रचनेत ती 'शक्ती सदन' या नावाखाली आली. नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी 'सखी निवास' ही वसतिगृहांची योजना आहे. १८१ ही महिला हेल्पलाइन आणि ११२ हा पोलिसांचा क्रमांक या वाटेने पोहोचता येते. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका व 'सेहत' संस्थेने 'दिलासा' केंद्र सुरू केले, ते याच जाणिवेतून: मार खाल्लेली बाई पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधी दवाखान्यात येते. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसमवेत सुरू केलेला विशेष कक्षही आता राज्यभर पसरला आहे.

तक्रार नोंदवलेली नाही, या कारणावरून मान्यताप्राप्त निवारागृह आश्रय नाकारू शकत नाही, आणि तिची इच्छा असेल तर ती तेथे आहे हे पतीला कळवता येत नाही, असे २००६ चे नियम सांगतात. तरीही निवारागृह हे घर नव्हे. मुलगा ठरावीक वयाहून मोठा असेल तर त्याला आईपासून वेगळे ठेवावे लागते, फाटक ठरल्या वेळी बंद होते, नोकरीच्या वेळा सांभाळणे कठीण जाते. केवळ दहावीतल्या मुलासाठी कितीतरी बायका ही वाट धरत नाहीत.

अर्ज करताना

अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायचा असतो. ती जिथे राहते, तात्पुरती का होईना, तिथल्या न्यायालयात तो करता येतो. नाशिकच्या माहेरी आलेल्या स्त्रीने त्यासाठी ठाण्याला खेपा घालण्याचे कारण नाही. महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी अर्ज तयार करण्यास मदत करतात. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांत व्हावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. तारखांचा अनुभव वेगळा आहे. म्हणूनच कलम २३ खालील अंतरिम आदेशाची मागणी पहिल्याच अर्जात करणे अगत्याचे. परिस्थिती गंभीर असेल तर दुसऱ्या बाजूला ऐकण्याआधीही असा आदेश मिळू शकतो. आदेश राबवण्यासाठी पोलिसांचे साहाय्य न्यायालयाकडूनच मागून घ्यावे.

त्या घरात आपण राहत होतो, हे दाखवणारे कागद जपून ठेवावेत: रेशन कार्ड, आधार, गॅसचे पुस्तक, त्या पत्त्यावरचा मुलांच्या शाळेतील प्रवेश अर्ज, बँकेची पत्रे. मूळ कागद हाती लागत नसतील, तर मोबाइलवर छायाचित्रे काढून विश्वासातल्या व्यक्तीकडे पाठवावीत. विक्रीस मनाई करणारा आदेश मिळाल्यास त्याची प्रत सोसायटीच्या सचिवाकडे व दुय्यम निबंधक कार्यालयात पोहोचती करावी; नाहीतर आदेश फाइलमध्ये आणि फ्लॅट तिसऱ्याच्या ताब्यात, अशी अवस्था होते. आदेशाविरुद्ध अपिलाची मुदत तीस दिवसांची आहे.

परस्परसंमतीच्या घटस्फोटाच्या कागदावर सही करण्यापूर्वी घराचा विषय लेखी मिटवणे आवश्यक आहे. नाते कायद्याने संपल्यावर त्याच घरातील निवासाचा दावा पुष्कळच अवघड होतो.

माहेरच्या घराचेही तसेच. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा दिला, राहत्या घराची वाटणी मागण्यावरचे जुने बंधनही गेले. तरी आजही भावाच्या शब्दाखातर, मोबदल्याचा रुपया न घेता, बहिणी नोंदणी कार्यालयात जाऊन हक्कसोडपत्रावर सह्या करतात. परतण्याची वेळ येईल, असे त्या दिवशी कुणालाच वाटत नसते.