आईविना देवदूत

हातावर हनुवटी टेकून वर पाहणारी पंखवाली दोन मुले बिस्किटांच्या डब्यावर किंवा भेटकार्डावर बहुतेकांनी पाहिलेली असतात. ती मूळची राफाएलच्या ‘सिस्टाइन मॅडोना’ या चित्राच्या तळाशी, एका फळीवर रेललेली आहेत. पोप दुसऱ्या ज्युलियसने साधारण १५१२ मध्ये पिआचेन्झाच्या सान सिस्तो मठासाठी ते सांगितले. १७५४ मध्ये सॅक्सनीचा अधिपती तिसरा ऑगस्टस याने ते विकत घेऊन ड्रेस्डेनला आणले.

मूळ चित्रात मारिया मुलाला कडेवर घेऊन ढगांवरून आपल्याकडे चालत येते. दोघांच्याही डोळ्यांत, निदान मला तरी, धास्ती दिसते. हे मूल खेळकर नाही. मागचे ढग नीट न्याहाळले, तर तेही बालचेहऱ्यांचेच आहेत. खालची दोघे कंटाळली आहेत, असे गमतीने म्हटले जाते. मला ती ताटकळलेली वाटतात. आपली नजर त्यांच्या नजरेबरोबर वर, त्या आईकडे जावी, एवढेच त्यांचे काम.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून ही जोडी वेगळी काढून रंगवली आणि छापली जाऊ लागली. मारियाची तसबीर चालणार नाही अशा प्रोटेस्टंट घरांतही दोन गोंडस मुले सहज खपली असणार, असा माझा तर्क आहे. पण वरचे सारे कापल्यावर त्यांच्या पाहण्याला विषयच उरला नाही. ताटकळणे गेले, खट्याळपणा आला.

उलटी कापणीही झाली. १८७९ मध्ये दस्तयेव्हस्कीला वाढदिवसाला याच चित्राचे मोठे छायाचित्र मिळाले. पत्नीच्या आठवणींनुसार त्यात मारियाभोवतीच्या आकृती नव्हत्या. त्याला हवी होती ती आई. देवदूतांवाचून त्याचे काही अडले नाही.

आपल्याकडचा रांगता बाळकृष्ण यशोदेशिवाय एकटा कॅलेंडरवर आला तरी देवच राहतो, कारण तिथे मूल हाच देव. ही दोघे पडली सेवेकरी. धनीच नाहीसा झाल्यावर त्यांना मिळेल ती चाकरी करावी लागली. १९९५ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांना प्रेमाच्या तिकिटांवर छापले, आणि लग्नपत्रिकांच्या लिफाफ्यांवर चिकटून ती घरोघर गेली.