टंचाईतील भावबंदी: वऱ्हाडातून पाहिलेली एक कुळकथा

टंचाईच्या काळात अव्वाच्या सव्वा भाव लावणाऱ्या व्यापाऱ्याला शिक्षा करणारा कायदा दुष्काळाच्या अनुभवातूनच जन्माला आला असावा, असा सर्वसाधारण समज आहे. वऱ्हाडचा इतिहास मात्र त्याला दुजोरा देत नाही. अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भीषण दुष्काळ सोसला तेव्हा धान्याच्या भावावर कोणतीही कायदेशीर मर्यादा नव्हती, आणि ती मर्यादा आली तीही सुमारे चाळीस वर्षांनी, युरोपात पेटलेल्या महायुद्धाच्या निमित्ताने.

भावावर राजाचा अंकुश असावा ही कल्पना अर्थातच जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, राज्यातील उपद्रवी घटकांचा बंदोबस्त सांगणाऱ्या 'कंटकशोधन' या अधिकरणात, स्वदेशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा एवढाच नफा व्यापाऱ्याला मान्य केला आहे, तर संगनमत करून माल अडवणाऱ्या किंवा चढ्या भावाने विकणाऱ्या व्यापाऱ्यांना एक हजार पणांचा दंड सांगितला आहे. हा नियम सर्वकाळचा होता, संकटापुरता नव्हता. लष्करी गरजेपोटी लादलेल्या भावबंदीचे भारतातील सर्वात परिचित उदाहरण अल्लाउद्दीन खिलजीचे असून त्याचा वऱ्हाडशी संबंध काहीसा विपरीत आहे: 1296 मध्ये देवगिरीवर चालून जाताना जो एलिचपूरमार्गे, म्हणजे आजच्या अचलपूरवरून गेला, त्यानेच पुढे दिल्लीचा सुलतान झाल्यावर धान्यापासून घोड्यांपर्यंतचे भाव बांधून दिले आणि बाजारावर 'शहना-ए-मंडी' हा अधिकारी नेमला. झियाउद्दीन बरनी या इतिहासकाराने त्याचे कारणही नोंदवले आहे. मोठी फौज थोड्या पगारात पोसायची होती आणि त्यासाठी स्वस्ताई हवी होती. रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या इसवी सन 301 मधील कमाल भावाच्या फर्मानातही सैनिकांचा पगार महागाईत बुडत असल्याची तक्रार आढळते. रयतेच्या पोटापेक्षा फौजेच्या पोटाची चिंता राज्यकर्त्यांना अधिक लवकर कायद्याकडे नेते, असे या उदाहरणांवरून दिसते.

इंग्रजी राज्याने ही परंपरा तोडली आणि तीही तत्त्व म्हणून. बंगालच्या 1770 च्या दुष्काळात ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांनी तांदळाच्या व्यापारावर घातलेल्या निर्बंधांनी टंचाईचे रूपांतर उपासमारीत होण्यास बहुधा हातभार लावला, असे मत ॲडम स्मिथने 1776 मध्ये मांडले होते; पुढे 1880 च्या दुष्काळ आयोगाने आणि त्यानंतर तयार झालेल्या दुष्काळ संहितांनी, म्हणजे अधिकाऱ्यांनी दुष्काळात काय करावे हे सांगणाऱ्या नियमपुस्तिकांनी, खाजगी धान्यव्यापारात सरकारने हात घालू नये हेच धोरण कायम ठेवले. या व्यवस्थेत चढा भाव हा गुन्हा नसून लक्षण होता. बाजारभावाची नोंद ठेवून त्यावरून टंचाई ओळखायची आणि दुष्काळी कामावरील मजुरी धान्याच्या भावाप्रमाणे कमीजास्त करायची, एवढाच त्या भावाशी प्रशासनाचा संबंध होता.

वऱ्हाडात या धोरणाची कसोटी विशेष कठोर ठरली. निजामाने 1853 मध्ये इंग्रजांच्या हवाली केलेला हा मुलूख अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वर्षांत (1861 ते 1865) कापसाच्या तेजीने बदलून गेला. 1867 पर्यंत भुसावळ–नागपूर लोहमार्ग अकोला आणि बडनेरा या स्थानकांवरून पूर्ण झाला, आणि ज्वारीच्या जमिनीवर कापूस पसरला. कारंजा येथे 1886 मध्ये नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि 1897 मध्ये 'बेरार कॉटन अँड ग्रेन मार्केट्स लॉ' हा कायदा आला, जो भारतातील बाजारनियमनाचा पहिला कायदा मानला जातो आणि ज्याच्यापर्यंत आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांचे मूळ पोचते. या कायद्याने बाजाराची जागा ठरली, बाजार समिती आली, अडते आणि मापारी यांना परवाना घ्यावा लागू लागला. भाव मात्र त्याच्या कक्षेत नव्हता. पुढच्या दोनच वर्षांनी, 1899–1900 मध्ये, एरवी दुष्काळापासून सुरक्षित समजला जाणारा हा प्रदेश होरपळला. तराजूवर पहारा आणि भाव मोकळा, अशी त्या वेळची कायदेशीर स्थिती होती. ज्या शेतमजुराकडे कापूसही नव्हता आणि ज्वारीही नव्हती, त्याला या पहाऱ्याचा काहीच उपयोग नव्हता.

भावावर बंधन आले ते 1939 मध्ये. महायुद्ध सुरू होताच भारत संरक्षण कायदा आणि त्याखालील नियमावली लागू झाली. तिच्यातील 81 व्या नियमाने वस्तूंचे उत्पादन, वाटप आणि किंमत यांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला आणि तो मध्य प्रांत व वऱ्हाडसह सर्व प्रांतांकडे सोपवण्यात आला. बंगालच्या दुष्काळाच्या वर्षी, 1943 मध्ये, साठेबाजी व नफेखोरी प्रतिबंधक वटहुकूम निघाला. रेशन दुकानाला 'कंट्रोल' म्हणण्याची वऱ्हाडी रूढी याच नियंत्रणपर्वाची खूण आहे.

युद्ध संपले, युद्धकालीन नियमांची मुदत 1946 च्या सप्टेंबरात सरली, पण टंचाई सरली नव्हती. म्हणून त्याच वर्षी 'एसेन्शियल सप्लाइज (टेम्पररी पॉवर्स) ॲक्ट' करण्यात आला, ज्याच्या नावातच तात्पुरतेपणाची ग्वाही होती. महात्मा गांधींच्या आग्रहानंतर 1947 च्या अखेरीस नियंत्रणे उठू लागली, भाव उसळले आणि 1948 मध्ये ती पुन्हा आली. त्या वर्षी इटारसी स्थानकावर विनापरवाना कापड नेल्याबद्दल झालेल्या अटकेतून 'हरिशंकर बागला विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' हा खटला उभा राहिला. वऱ्हाड तेव्हा ज्याच्या अधिकारक्षेत्रात होते त्या नागपूरच्या उच्च न्यायालयातून तो सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि 1954 मध्ये सरकारला नियंत्रणाचे आदेश काढण्याचा अधिकार देणारे कलम वैध ठरले. पुढच्याच वर्षी जीवनावश्यक वस्तू कायदा, 1955 अस्तित्वात आला आणि तात्पुरते ते कायमचे झाले.

या कायद्याचे वैशिष्ट्य असे की त्यातील मुख्य अधिकार संकटावर अवलंबून नाही. न्यूयॉर्क राज्याने 1979 मध्ये केलेला अवाजवी भाव रोखणारा कायदा बाजार असाधारणपणे विस्कळीत झाल्यावर जागा होतो आणि अमेरिकेतील अनेक राज्यांचे असे कायदे आणीबाणी जाहीर झाल्यावर लागू होतात. भारतीय कायदा 'केव्हा' असे न विचारता 'कोणती वस्तू' असे विचारतो. वस्तू यादीत असेल तर पुरवठा आणि रास्त भाव यांसाठी सरकार सुगीतही आदेश काढू शकते. युद्धकाळातील हत्यार शांततेत तसेच हाती ठेवल्याचा हा परिणाम आहे, आणि शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी या कायद्यावर घेतलेला आक्षेप तेथूनच उगवतो: भाव पडतात तेव्हा हा कायदा शेतकऱ्याच्या मदतीला येत नाही, चढतात तेव्हा मात्र आडवा येतो. केंद्राने जून 2023 मध्ये तुरीच्या साठ्यावर घाऊक व्यापाऱ्याला 200 टन आणि किरकोळ दुकानदाराला 5 टन अशी मर्यादा घातली, तेव्हा डाळ गिरण्यांच्या अकोल्यात तिचा अर्थ गिऱ्हाइकासाठी एक आणि तूर राखून ठेवलेल्या शेतकऱ्यासाठी दुसरा होता. आक्षेपात तथ्य आहे. परंतु साठ्यावर मर्यादाच नसावी, हा निष्कर्ष त्यातून आपोआप निघत नाही. 2020 च्या दुरुस्तीने अन्नधान्य, डाळी, कांदा-बटाटा यांच्यापुरती युद्ध, दुष्काळ, असाधारण भाववाढ आणि गंभीर नैसर्गिक आपत्ती ही अट कायद्यात प्रथमच लिहिली, पण ती जानेवारी 2021 मध्ये स्थगित झाली आणि वर्षअखेरीस इतर कृषी कायद्यांबरोबर रद्द झाली.

कोविडच्या साथीत मात्र हे जुने हत्यार ताबडतोब कामी आले. मार्च 2020 मध्ये मुखपट्टी आणि हात निर्जंतुक करणारे द्रव्य जीवनावश्यक यादीत आले. तीन पदरी मुखपट्टीला 10 रुपये आणि 200 मिलिलिटर सॅनिटायझरला 100 रुपये ही कमाल किंमत ठरली. रुग्णालयाची खाट ही वस्तू नसल्याने महाराष्ट्र शासनाने तिच्यासाठी साथरोग कायद्याचा आधार घेतला, जो प्लेगसाठी 1897 मध्ये, म्हणजे वऱ्हाडच्या बाजार कायद्याच्याच वर्षी, झाला होता आणि ज्यात दराचा उल्लेखही नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये अमरावती आणि अचलपूर येथे दुसऱ्या लाटेतील टाळेबंदी आधी लागली. जूनमध्ये शहरांची वर्गवारी झाली तेव्हा अमरावती 'ब' वर्गात आले आणि तेथील खाजगी रुग्णालयातील साध्या कक्षाचा दिवसाचा दर 3,000 रुपये, तर कृत्रिम श्वसनयंत्रासह अतिदक्षता विभागाचा 6,700 रुपये ठरला.

साथ ओसरली तरी वऱ्हाडात दरवर्षी मृगाच्या तोंडावर एक छोटी आणीबाणी येतेच, ती कापसाच्या बियाण्याची. 2015 च्या कापूस बियाणे किंमत नियंत्रण आदेशाने, जो 1955 च्या कायद्याखालीच निघाला, बीटी बियाण्याच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवते. 2016 मध्ये ती 800 रुपये होती, 2024 मध्ये 864. पेरणीचे दिवस मोजके असतात आणि मागणी एखाद्याच वाणावर तुटून पडते. पाकीट उघडपणे जादा दराने विकले तर गुन्हा दाखल करता येतो. म्हणून अनेकदा पावतीवर छापील किंमतच राहते आणि नको असलेले खत, औषध किंवा दुसरे वाण सोबत घ्यावे लागते, ज्याला कृषी सेवा केंद्रांच्या परिभाषेत 'लिंकिंग' म्हणतात. कमाल किमतीचा आदेश अशा विक्रीत अक्षरशः पाळला जातो. अशी सक्ती झाल्याचे सिद्ध करण्यासाठी शेतकऱ्याची जबानी लागते, आणि पेरणी सोडून जबानी द्यायला त्या आठवड्यात फारसे कोणी जात नाही.